मालकी आणि किल्ली

विकत घेतलेली वस्तू माणसाची कोठवर असते, हा प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटण्याचा संभव आहे. पैसे मोजले, पावती घेतली, वस्तू घरी आणली. आता ती आपली झाली, याहून अधिक विचार बाजारातून परतणारा मनुष्य करीत नाही, व करण्याचे त्यास कारणही पडत नाही. तथापि ज्या प्रश्नांची उत्तरे आपण न विचारताच गृहीत धरलेली असतात, तेच एखादे दिवशी घरातील क्षुल्लक निमित्ताने आपल्यापुढे येऊन उभे राहतात, आणि मग त्यांस टाळून पुढे जाणे शक्य होत नाही. असा एक प्रसंग २०१९ साली माझ्या वडील भगिनींच्या घरी घडला. त्याचे निमित्त होते त्यांच्या फोनवरील दोन बटणे.

आक्कांचे वय त्या वेळी एकाहत्तर वर्षांचे. आदल्या वर्षी त्यांस अर्धांगवायूचा झटका येऊन गेला व उजवा हात कायमचा निकामी झाला. बुद्धी शाबूत, वाणी शाबूत, स्वभावातील करारीपणा तर पूर्वीहून अधिक. परंतु सारे व्यवहार डाव्या हाताने करावयाचे. फोन डाव्या तळव्यात धरावयाचा व त्याच हाताच्या अंगठ्याने चालवावयाचा. त्यांच्या फोनच्या काचेखाली तीन खुणा कोरलेल्या होत्या: डावीकडे यादीची, मध्यभागी घराची, आणि उजव्या कोपऱ्यात मागे वळणाऱ्या बाणाची. फोन वापरणारांस हे सांगावयास नको की, या तिहींपैकी सर्वाधिक काम त्या बाणास पडते. चुकीचे दार उघडले की माणसाने मागे यावे, तसे प्रत्येक चुकीनंतर त्याच बटणाकडे वळावे लागते. आक्कांचा अंगठा त्या कोपऱ्यापर्यंत ताणला की फोन तळहातावर कलंडे. दोनदा तो फरशीवर पडला, आणि दोन्ही वेळी तो उचलून देण्यास कोणीतरी येईपर्यंत त्या बसून राहिल्या. फोन पडल्याचे दुःख त्यांस नव्हते. वाट पाहत बसावे लागले याचे होते.

त्यांचा नातू अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याने सुचविले की, यादीचे बटण आजीस कधीच लागत नाही. तेव्हा त्या दोन टोकांच्या बटणांची अदलाबदल करावी, म्हणजे 'मागे' हे अंगठ्याखाली येईल. इतकी साधी सूचना! परंतु फोनच्या मांडणीत तशी सोयच नव्हती. पडद्यावरील चित्र बदलण्याची मुभा होती, घंटेचा सूर बदलण्याची होती, अक्षरे लहानमोठी करण्याची होती. ही एक गोष्ट मात्र नव्हती. एखाद्या घरमालकाने भाडेकरूस भिंतींना हवा तो रंग देण्याची परवानगी द्यावी, आणि दाराची कडी हात पोहोचेल अशा ठिकाणी बसवू देऊ नये, तसाच हा प्रकार. मात्र येथे आक्का भाडेकरू नव्हत्या. फोन त्यांनी रोख पैसे देऊन घेतला होता.

नातवाने जे केले ते समजण्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची संगणकप्रणाली रचण्यास आरंभ केला. एका यंत्रावर अनेक माणसे काम करीत. म्हणून प्रत्येकास आपापल्या मर्यादेत ठेवून, सर्व मर्यादांच्या वर एकच अधिकारी नेमण्याची पद्धती तीत पडली. या अधिकाऱ्याचा क्रमांक शून्य, आणि त्याचे नाव 'रूट' म्हणजे मूळ. जो मूळ झाला त्यास त्या यंत्रात वाचता येणार नाही असे काही नाही, व पुसता येणार नाही असेही काही नाही. पुढे १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स याने त्याच धर्तीवर लिनक्स हा गाभा लिहिला, आणि त्या गाभ्यावर उभारलेल्या अँड्रॉइड प्रणालीचा पहिला फोन २००८ मध्ये विक्रीस आला. सारांश, आपल्या खिशातील प्रत्येक अँड्रॉइड फोनात तो शून्य क्रमांकाचा अधिकारी आजही नांदत आहे. फरक इतकाच की, फोन विकत घेणाराच्या हाती त्याची गादी येत नाही. ग्राहक हा त्या राज्यातील एक सामान्य प्रजाजन असतो.

ती गादी मिळविण्याच्या खटपटीस 'रूट करणे' म्हणतात. प्रथम फोन जागा होताना जे कुलूप तपासले जाते ते उघडावे लागते. आणि ते उघडताच फोनातील सर्व खासगी मजकूर पुसला जातो. ही तरतूद शहाणपणाची आहे. कारण चोराने फोन पळवून कुलूप काढले तरी मालकाची पत्रे व छायाचित्रे त्याच्या हाती लागू नयेत, हा तिचा हेतू आहे. त्यानंतर मूळ अधिकार प्राप्त करून घ्यावयाचा. इतके झाल्यावर नातवाने जी शस्त्रक्रिया केली, ती दोन शब्दांची होती. फोनातील एका लहानशा फाइलीत प्रत्येक बटणाचा क्रमांक व त्यापुढे त्याचे कार्य लिहिलेले असते. क्रमांक १५८ पुढे 'बॅक', क्रमांक १३९ पुढे 'मेनू'. त्याने पहिल्यापुढे दुसरा शब्द लिहिला, दुसऱ्यापुढे पहिला, आणि फोन पुन्हा सुरू केला. काचेखालील खुणा होत्या तेथेच राहिल्या. त्यांचे अर्थ तेवढे बदलले. आता यादीचे चित्र दाबले असता मनुष्य मागे येऊ लागला.

चित्र एक आणि अर्थ दुसरा, हे पाहून मला कॉलेजात शिकविलेला एक जुना वाद आठवला. शब्द आणि अर्थ यांचा संबंध स्वाभाविक व नित्य आहे असे मीमांसकांचे म्हणणे. तो संकेताने ठरलेला आहे असे नैयायिकांचे. बटणांच्या बाबतीत तरी नैयायिकांचा जय निर्विवाद मानला पाहिजे. २००८ च्या पहिल्या फोनावर ही बटणे खरोखरीची, बोटाने दबणारी होती. २०११ मध्ये ती काचेवर केवळ प्रकाशाने रेखाटलेली अशी दिसू लागली. २०१४ मध्ये बाण, घर व चौकटी यांच्या जागी त्रिकोण, वर्तुळ व चौरस आले. २०१९ च्या आवृत्तीत तर बटणेच काढून टाकून पडद्याच्या कडेवरून बोट सरकविण्याचा मार्ग पुढे करण्यात आला. शिवाय 'मागे' हे बटण गूगलच्या स्वतःच्या फोनांत डावीकडे, तर सॅमसंगच्या फोनांत उजवीकडे, असा भेद वर्षानुवर्षे चालत आला आहे. तेव्हा ते अमुकच बाजूस असावे असा सृष्टीचा नियम नाही व शास्त्राचाही नाही. आक्कांना जे नाकारले गेले त्याच्या मुळाशी कोणतेही तत्त्व नव्हते. कोणी विचार केला नव्हता, इतकेच.

परंतु संकेत हा माझ्या एकट्याचा नसतो, ही त्या पक्षाचीच दुसरी बाजू आहे. आक्का दोन दिवसांत नव्या व्यवस्थेस सरावल्या. पण मदतीस येणाऱ्या शेजारणीने बाण पाहून बाण दाबला की भलतेच घडे, आणि मीही आठ दिवस चुकत होतो. वस्तू स्वतःच्या सोयीने वळविताना मनुष्य इतरांशी असलेला एक मूक करार थोडाबहुत मोडीत असतो. हा तोटा खरा आहे. तथापि तो इतका लहान आहे, आणि ज्याच्यासाठी तो सोसावयाचा ती गरज इतकी मोठी आहे की, त्याच्या बळावर कोणी ती सोय नाकारील तर त्यास निष्ठुरच म्हणावे लागेल.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. रोमन कायदेपंडितांच्या परंपरेत मालकीची तीन अंगे सांगितलेली आहेत: वस्तू वापरण्याचा अधिकार, तिचे फळ भोगण्याचा अधिकार, आणि तिची वाटेल ती विल्हेवाट लावण्याचा अधिकार. पहिली दोन उसनवारीने किंवा भाड्यानेही मिळतात. मालकाची खरी ओळख तिसऱ्यात आहे. आपल्याकडील जुन्या ग्रामव्यवस्थेतही हा भेद लोकांस चांगला ठाऊक होता. मिरासदार आणि उपरी दोघेही तेच शेत नांगरीत, दोघेही सारा भरीत. परंतु मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असे, तर उपरी हा बाहेरून येऊन कसणारा, त्या मातीत कायमचे मूळ न धरलेला. आपण आज आपल्या फोनाचे मिरासदार आहो की उपरी? कागदोपत्री पाहिले तर उत्तर चमत्कारिक मिळते. काच, धातू व विद्युत्घट हे आपणांस विकलेले असतात. परंतु त्यांस चालविणाऱ्या प्रणालीचा केवळ वापरपरवाना दिलेला असतो. देह विकत मिळतो आणि प्राण अटींवर मिळतो. आणि प्राणावाचून देहाचा उपयोग काय, हे सांगण्यास तत्त्वज्ञ नको.

कायद्याकडे पाहावे तर तेथेही एकवाक्यता नाही. अमेरिकेत १९९८ च्या एका कायद्याने असली अंकीय कुलपे तोडण्यास बंदी केली. पुढे २०१० मध्ये तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयाने फोनापुरता अपवाद मान्य केला. २०१२ मध्ये फोनास तो कायम ठेवून टॅबलेटास नाकारला. आणि २०१५ मध्ये टॅबलेटासही दिला. म्हणजे तीन वर्षे एकच कृत्य लहान काचेवर निर्दोष आणि मोठ्या काचेवर सदोष होते! आपल्या देशात २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात जे ६५अ हे कलम आले, त्यात दुसऱ्याच्या हक्काचा भंग करण्याच्या उद्देशाने कुलूप तोडणे हा अपराध मानला आहे. उद्देशावर दिलेला हा भर मला अधिक विवेकाचा वाटतो. परंतु कायदा काय म्हणतो हे कळल्याने योग्य काय हे कळत नाही. तो विचार आपला आपणांस करावा लागतो.

कुलूप लावणारांचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ते म्हणतात की, मूळ अधिकार हे दुधारी शस्त्र आहे. फोनातील प्रत्येक कार्यक्रमास आपल्या कुंपणाआड ठेवणारी जी व्यवस्था आहे, ती मूळ अधिकाऱ्यापुढे नमते. तेव्हा एखादा लबाड कार्यक्रम त्या पदावर चढून बसला की, तो घरातील सर्व कपाटे उघडील. सामान्य माणसास हा धोका कळत नाही. म्हणून त्याच्याच हितासाठी ते शस्त्र त्याच्या हाती देऊ नये. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. युनिक्सच्या जाणत्या लोकांतही असा शिरस्ता आहे की, मूळ अधिकार हाती असलेल्या माणसानेसुद्धा नित्याचे काम साध्या नावानेच करावे व गरजेपुरतेच ते पद धारण करावे. आपल्या हातून आपलेच नुकसान होऊ नये म्हणून स्वतःवर घातलेला हा निर्बंध आहे, आणि तो संयमाच्या कोटीतील आहे.

परंतु याच उदाहरणात भेदाचे मर्म दडलेले आहे. तो जाणता मनुष्य स्वतःस कोंडून घेतो, पण किल्ली त्याच्या कमरेला असते. घरास आतून कडी लावणे आणि बाहेरून कोणी कडी घालणे, या दोन्ही क्रियांनी दार सारखेच बंद होते. तथापि पहिल्या घरास आपण सुरक्षित म्हणतो व दुसऱ्यास तुरुंग. मिल याने १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात धोक्याच्या पुलाचा दृष्टान्त दिला आहे. पूल मोडका आहे हे ज्यास ठाऊक नाही त्यास हात धरून थांबविण्यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही. परंतु धोका समजूनही जो जाऊ इच्छितो, त्यास सावध करावे, बळाने अडवू नये, असा त्याचा अभिप्राय आहे. कुलूप उघडलेले असता फोन सुरू होताना दरवेळी धोक्याची सूचना दाखविण्याची जी रीत पुष्कळ फोनांत आहे, ती या कसोटीस उतरते. दार मुळीच न ठेवणे मात्र उतरत नाही. म्हणून कोणत्याही कुलपाविषयी दोनच प्रश्न विचारावे असे मला वाटते: ते कोणाच्या हिताचे आहे, आणि किल्ली कोणापाशी आहे?

येथवर माझा विचार सरळ चालला होता. परंतु आठ-दहा दिवसांनी त्यास एक ठेच लागली. आक्का आपले निवृत्तिवेतन जमा झाले की नाही हे फोनवरच बँकेच्या कार्यक्रमात पाहत असत. तो उघडेना. फोन मूळ स्थितीत नसल्याने सेवा देता येत नाही, अशा आशयाची ओळ दाखवून तो मिटून जाई. मूळ अधिकार काढून टाकून पाहिला. पण ती तपासणी उघडलेले कुलूपही ओळखीत होती. आक्का संतापल्या. "फोन माझा, पैसा माझा, हात माझा, मग माझे बटण कोठे असावे याची शिक्षा बँक मला का देते?" असे त्यांनी मला विचारले, आणि मी आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवीत आलो असूनही मला तत्काळ उत्तर देता आले नाही.

विचारांती जे सुचले ते असे. फोन आक्कांचा होता. परंतु बँकेचा विश्वास आक्कांच्या मालकीचा नव्हता. माझ्या घरास मी कुलूप लावावे की न लावावे हा माझा अधिकार; पण ज्याने आपली ठेव माझ्या घरी ठेवावयाची, त्यास माझी कुलपे पाहण्याचा अधिकार असतोच. स्वातंत्र्याबरोबर दुसऱ्याचा विश्वासही हक्काने मिळावा असे म्हणणे हा अतिरेक होय. तथापि बँकेचाही न्याय पुरता नव्हता. कारण तिने पारख केली ती आक्कांची नव्हे, त्यांच्या फोनाचीही नव्हे. फोन कारखानदाराने ठेवला तसाच आहे काय, एवढेच तिने पाहिले. तोच फोन वर्षानुवर्षे दुरुस्तीवाचून शिळा झालेला व छिद्रे पडलेला असता, तर तो कदाचित या तपासणीतून सुखाने पार पडला असता. मालकावर विश्वास नाही आणि कारखानदारावर आहे, ही व्यवस्था सोयीची असेल. पण पैसा आणि पत्रव्यवहार ही जीवनाची साधने तिच्यावर टांगली जात असता, प्रामाणिक मनुष्यास दुसरा मार्ग ठेवणे हे अशा संस्थेचे कर्तव्य ठरते.

यावर नातवापाशी एक तोड होती. फोन मूळ स्थितीतच आहे असे बँकेच्या कार्यक्रमास भासविण्याच्या युक्त्या उपलब्ध होत्या, आणि त्या सर्रास वापरल्या जात. तो म्हणाला, "यात कोणाचे नुकसान नाही." नुकसान नव्हते हे खरे. मी स्वतः डळमळलो होतो. परंतु आक्कांनी ती सूचना एका वाक्यात निकालात काढली: "कुलूप उघडले ते मी सांगून उघडले, आता नाही उघडले असे मी म्हणावयाचे नाही." हा भेद मला त्यांनी शिकविला असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. आपल्या वस्तूवर अधिकार चालविणे ही एक गोष्ट, आणि दुसऱ्यास तिच्याविषयी खोटे सांगणे ही दुसरी. पहिलीत आपण मालक असतो. दुसरीत आपण, कितीही क्षुल्लक का असेना, फसविणारे ठरतो. बँकेचा नियम अन्यायाचा असेल तर त्याविरुद्ध भांडावे. त्यास लपून बगल दिल्याने तो नियम तसाच राहतो, आणि आपल्या पदरी एक असत्य मात्र पडते. शिवाय जो बटणाची फाइल लिहू शकत नाही व ज्याला असा नातू नाही, अशा दुसऱ्या एखाद्या आक्कांस त्या युक्तीचा काडीचा उपयोग नसतो.

तेव्हा निवड दोहोंतून करावयाची होती: बटणे पूर्ववत करावी आणि बँक पुन्हा मिळवावी, की बँक सोडावी आणि बटण ठेवावे. मी पहिला पक्ष सुचविला. पैशाचे काम महत्त्वाचे, त्यास अडचण नको, असा माझा व्यवहारी सल्ला होता. आक्कांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "पैसे आले की नाही हे महिन्यातून एकदा पाहावयाचे, मागे यावयाचे ते दिवसातून शंभरदा. महिन्यातून एकदा तू मला रिक्षाने बँकेत ने."

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे बँकेत जात असू. त्या पासबुक पुढे करीत. खिडकीतला तरुण ते यंत्रात घालून परत देई. बाहेर आल्यावर आक्का पायरीवर थांबत, डाव्या हाताने फोन काढीत, नातवास दोन शब्द लिहीत, चुकले तर अंगठ्याने मागे येत आणि पुन्हा लिहीत. फोन त्यांच्या हातातून पडल्याचे त्यानंतर मला आठवत नाही.

आपल्या वस्तूवर आपली मालकी कोठवर, या प्रश्नास माझे उत्तर त्या पायरीवर तयार झाले. जेथवर आपण तिच्या बदलाचा भार उघडपणे आपल्या शिरावर घेण्यास तयार असतो, तेथवर ती आपली. आणि हा भार उचलावयास जो तयार आहे, त्याच्यापासून किल्ली लपवून ठेवण्याचा अधिकार, ती वस्तू ज्याने घडविली त्यासही नाही.